ओढ्याचा मोकळा फोटो

भोरच्या बाजारात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या कुमारची सगळी हयात दुसऱ्यांच्या लग्नात "मान जरा डावीकडं" म्हणण्यात गेली होती. म्हणून त्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवताना त्याने बायकोला ठणकावून सांगितलं, "आज असा फोटो काढतो, की त्यात औषधालासुद्धा माणूस सापडायचा नाही! नुसता ओढा!"

हा ओढा त्याच्या पाली गावाच्या वर, रानातल्या पायवाटेवरचा. लहानपणी थोरली बहीण सगुणाआक्का त्याला शेळ्यांमागं तिथं न्यायची. तो पालथा पडून पाणी प्यायचा, तेव्हा मागून त्याची चड्डी घट्ट धरून ठेवायची. आता आक्का पुण्यात लेकाकडे. गुडघ्यांनी पार हात टेकलेले. परवा फोनवर म्हणाली, "माझं काय आता तिथवर येणं होत न्हाई. एकदा आपला ओढा तेवढा दाव रं." म्हणून तर कुमार आज निघाला होता.

जांभळांच्या सावलीत ओढा होता तसाच होता. तोच गारवा, तोच कुजक्या पाल्याचा वास. कुमारला भरून आलं! त्याने स्टँड उभा केला. पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून शटर सावकाश मिटेल असं लावलं. फांद्यांतून उन्हाचा एक पट्टा पाण्यावर उतरला होता. तो सरकायच्या आत काम उरकायचं होतं.

"कुणाचं लगीन हाय?"

मागे शेळ्या घेऊन जवळच्या वाडीतले म्हातारे हरिबा उभे!

"लग्न नाही आबा. ओढ्याचा फोटो काढतोय."

"निस्त्या पान्याचा?" हरिबांचा चेहराच पडला. "एवढ्या लांबनं आलास, अन् फोटोत उभं ऱ्हायला कुणी न्हाई? आरारारा! थांब, म्या हाय की!"

आणि सरळ पाण्यात उतरले!

"आबा, आधी ओढ्याचा काढू द्या. मग तुमचा काढतो."

झालं! हरिबांनी वाडीकडे तोंड करून हाक ठोकली, "चला गं समदी! भोरचा फोटोवाला आलाय!"

कुमार बटण दाबणार, तोच हरिबांची सून मंगल बाळाला काजळ लावून हजर. तिच्यामागे त्यांची कारभारीण चंद्राबाई, लेकीच्या लग्नातलं नऊवारी नेसून. शेळ्या तर न बोलावताच! "बाजूला व्हा" म्हटलं की मंडळी एकमेकांना चिकटायची. "मागं सरा" म्हटलं की आणखी पाण्यात शिरायची. फोटोवाला बोलतो ते फोटो चांगला यावा म्हणूनच, एवढं का कळत नाही कुणाला! तिकडे उन्हाचा पट्टा सरकायला लागला. कुमारने कपाळाला हात लावला आणि दाबलं बटण!

शटर मात्र सावकाशच मिटलं, आणि तेवढ्यात जो हलला तो पुसट आला. हरिबांना तीन डोकी फुटली, मंगलच्या कडेवर नुसता धूर, शेळ्यांचं तर धुकं झालं, आणि मागे खडकावरून पडणारं पाणी पांढरंशुभ्र रेशीम झालं. एकटी चंद्राबाई तेवढी लख्ख आली. फोटो म्हटलं की श्वास रोखून उभं राहायची तिची जुनी सवय! दुसरा काढावा म्हटलं, तर ऊन कधीच गेलेलं.

घरी येऊन त्याने जीव मुठीत धरून तोच फोटो आक्काला पाठवला. लगेच फोन वाजला. आक्का चक्क रडत होती!

"आक्का, चुकलंच गं माझं..."

"आरं, ही चंदी! माझ्यासंगं शेळ्या राखायची! लगीन झाल्यापास्नं दिसली न्हवती बघ. लई म्हातारी झाली रं." रडता रडता आक्का हसायलाही लागली. कुमारचेही डोळे भरले.

"मग? कसा काढलाय फोटो?" त्याने आता छाती फुगवली.

"झ्याक काढलायस. पर मागं ह्यो पांढरा पडदा कशाला टांगलास? तिला घेऊन जरा ओढ्यावर तरी जायचंस!"