आग्रहाचा ई-मेल

आपले ई-मेल वाटेत कुणीतरी गिळतंय, अशी प्रभाकररावांची पक्की खात्री झाली होती.

रिटायर झाल्यावर हिमायतनगरच्या घरात कॉम्प्युटर आला, टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलं, आणि हैदराबादेतल्या झाडून साऱ्या मराठी मंडळींना रोज सकाळी सुविचार, पाककृती आणि निधनवार्ता पाठवण्याचं व्रत त्यांनी घेतलं. सुरुवातीला "वा, वा" अशी उत्तरं यायची. अलीकडे सगळं सामसूम. संक्रांतीनिमित्त शनिवारी गच्चीवर तिळगुळाला या, असं आग्रहाचं आमंत्रण तीनदा पाठवलं, तरी कुणी हूं की चूं केलं नाही.

"सरळ फोन करा की," शांताबाई लाडू वळता वळता म्हणाल्या.

"फोन? दोन हजार तीन साल आहे, शांता! आणि मला सांग, परवा हिम्मतरावांनी मला पाहून तोंड का फिरवलं?"

काचीगुड्याचे हिम्मतराव म्हणजे प्रभाकररावांचे जिवाभावाचे दोस्त. सुलतान बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. दोघांचा रविवारचा चहा कधी चुकला नव्हता, तो आता लागोपाठ दोनदा चुकला. त्यातून हिम्मतरावांनीही नुकताच कॉम्प्युटर घेतलेला. संशयाला एवढं खतपाणी पुरेसं होतं.

शिवाय या भानगडीत एक तिसराच माणूस शिरला होता. प्रभाकररावांनी मेल पाठवला रे पाठवला, की मेलर डेमन नावाच्या कुणा साहेबाचं लांबलचक इंग्रजी उत्तर यायचं. सख्खा भाऊ इतक्या तत्परतेने लिहीत नाही. "आपली ओळख नाही, तरी शनिवारी अवश्य यावे," असं लिहून प्रभाकररावांनी त्यालाही यादीत घेतलं. पण त्याची पत्रं नीट वाचल्यावर त्यांचं डोकं सणकलं. "तुमचं टपाल पोचलं नाही" हेच तो दरवेळी सांगत होता.

"माझी पत्रं अडवतो आणि वर मलाच कळवतो! हा हिम्मतरावांनी नेमलेला माणूस!"

रागाच्या भरात त्यांनी अख्ख्या यादीला मेल ठोकला: "सावधान! हिम्मतराव आणि त्यांचा हस्तक डेमन यांच्यापासून दूर राहा." यादीत हिम्मतरावही आहेत, हे त्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी लेक स्वाती सासरहून आली. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. तिने जरा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि हसूच आवरेना.

"बाबा, डेमन माणूस नाही, मशीन आहे! बंद पडलेल्या पत्त्यांवर पाठवलेलं वापस येतंय. अण्णाकाका जाऊन दोन साल झाले, त्यांचं नाव अजून यादीत?"

"माणूस गेला म्हणून लगेच नाव खोडायचं? बरं दिसतं का?"

"आणि अलकामावशींनी साफ लिहिलंय, मला पाठवू नका म्हणून. त्यांना तुम्ही रोज दोन-दोन पाठवताय!"

"अगं, रुसली असेल. पंगतीत कुणी नको म्हटलं की आपण वाढायचं थांबतो का?"

स्वातीने कपाळाला हात लावला. "हा मेल आहे बाबा, जिलबी नाही! लोक परेशान झाले आणि त्यांनी 'नक्को'चं बटण दाबलं. आता तुमचं सगळंच टपाल फालतूच्या कप्प्यात जाऊन पडतंय. तिथे कोण बघतंय?"

"म्हणजे हिम्मतरावांनाही...?"

"त्यांना पण. तुम्ही यादीतून नाव काढलं असं वाटून रागावले असतील बिचारे."

प्रभाकररावांना अगदी भरून आलं. एवढ्या चांगल्या माणसावर आपण नाही नाही ते संशय घेतले! लाडवांचा डबा काखोटीला मारून त्यांनी ऑटो पकडली.

हिम्मतराव दारातच उभे होते. "या. यादीतून नाव काढलं, घराचा पत्ता बरा ध्यानात राहिला!"

"देवाशपथ नाही काढलं! माझ्या यादीतून माणूस मेला तरी नाव जात नाही." मग प्रभाकररावांनी डेमन, अलका, नक्कोचं बटण, फालतूचा कप्पा, सगळी हकीकत सांगितली.

हिम्मतरावांचा चेहरा खुलला. "हौ? म्हंजे माझे सुविचार त्या कप्प्यात पडलेत? चला, बघूच." आणि ते कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले.

तेव्हा कुठे प्रभाकररावांना तो "सावधान" आठवला.

"नको हिम्मतराव, राहू द्या."

"कामून?"

"नको म्हणतो ना!"

"तुम्ही एवढं मनानं लिहायचं आन् मी वाचायचं नाही? असं कुठं असतंय?"

कप्पा उघडला. हिम्मतरावांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून "सावधान" शेवटपर्यंत वाचलं. प्रभाकरराव भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राहिले.

"हे समद्यांना गेलं?"

"गेलं, पण पोचलं नाही कुणालाच!" प्रभाकरराव घाईघाईने म्हणाले. ज्या कप्प्याला वाटभर शिव्या घातल्या, त्याचे त्यांनी मनोमन पाय धरले.

हिम्मतरावांनी डबा उघडला आणि एक लाडू प्रभाकररावांच्या हातावर ठेवला. "तिळगुळ घ्या, गोड बोला."

प्रभाकररावांनी मुकाट्याने खाल्ला. दुसरा आला. तोही खाल्ला. तिसराही कसाबसा उतरला. चौथ्याला त्यांनी हात जोडले.

"नको हो हिम्मतराव, खरंच नको!"

"अस्सं?" डबा त्यांच्या पुढ्यात सरकवत हिम्मतराव म्हणाले, "मग बटन शोधा."