सही केलेली काच

व्यंकटराव पैठणकरांना आजवर कोणी फसवलेलं नाही. हे खुद्द व्यंकटरावच सांगतात, त्यामुळे खरं मानायला हरकत नसावी. मोजणी खात्यात त्यांची उभी हयात शेतांचे बांध कोणी सरकवलेत का, हे बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर बांध उरले नाहीत, पण नजर उरली. आता ती दूधवाल्याच्या मापावर, रिक्षाच्या मीटरवर आणि शेजाऱ्याच्या हसण्यावर फिरते.

अशा माणसाने न्हाणीघरासाठी सरकता काचेचा दरवाजा घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी कपाळाला हात लावला.

"आपल्याकडे आठवड्यातून एकदा नळ येतो. आणि तुम्हाला शॉवर पाहिजे?"

"शॉवर आंघोळीसाठी नाही," व्यंकटराव आवाज खाली आणून म्हणाले. "दिगंबररावांसाठी आहे."

दिगंबरराव म्हणजे लातूरचे. त्यांची रेणुका आणि पैठणकरांचा श्रीनिवास वाळूजला एकाच कंपनीत. दोघांचं आपसात ठरलं होतं, फक्त दिगंबररावांचा होकार राहिला होता. आणि ते घर बघितल्याशिवाय होकार देणारे नव्हते. याच शहरातलं आधीचं एक स्थळ त्यांनी पाण्यावरून मोडलं, असं ऐकिवात होतं. श्रीनिवासचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

व्यंकटरावांचा हिशेब सरळ होता. पाणी भरपूर आहे असं तोंडानं सांगितलं, तर समोरच्याला शंका येते. पाहुण्याला शॉवरखाली उभं केलं, की बोलायचं कामच नाही. टँकर मागवून गच्चीवरची टाकी भरायची, पाण्याचे ड्रम गच्चीवर ताडपत्रीखाली लपवायचे आणि दिगंबररावांना म्हणायचं, घ्या आंघोळ.

अडचण एकच होती. न्हाणीघराचे दोन भाग. आत आंघोळीची जागा, बाहेरच्या भागात बेसिन, वॉशिंग मशीन आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नळ. बाहेरच्या भागाच्या दाराला कडी नव्हती. एकदा श्रीनिवास आतून कडी लावून दाढी करत असताना पाणी येऊन गेलं, त्या दिवशी व्यंकटरावांनी पक्कड आणून कडी उपटून टाकली होती. तेव्हा आतल्या भागाला दरवाजा हवा. तो उघडणारा नको, ड्रमला अडेल, सरकता हवा. आणि त्यातून तसूभरही दिसायला नको.

शहागंजात हैदरभाईंचं काचेचं दुकान होतं. व्यंकटराव तिथं भानुमतीबाईंना घेऊन गेले, पण गिऱ्हाईक म्हणून नव्हे, पंचनाम्याला आल्यासारखे.

हैदरभाईंनी काळसर काच दाखवली. "ये लेव साब. अंदर से सब दिखता, बाहर से कुछ नै."

"म्हणजे आत दिवा लावला की उलटं होणार," व्यंकटराव म्हणाले. "नको."

वेलबुट्टीची काच आली. व्यंकटरावांनी दोन फुलांमधल्या मोकळ्या जागेला डोळा लावला. "आणि इथून?"

"साब, वहाँ आँख लगाके कौन खड़ा रहता?"

"मी राहिलो की नाही आत्ता?"

शेवटी एका बाजूनं घासलेली, दुधी दिसणारी काच निघाली. तिची परीक्षा मात्र रीतसर झाली. भानुमतीबाईंना मागं उभं करून त्यांनी बोटं ओळखायचा प्रयत्न केला. ओळखू आली नाहीत. मग हैदरभाईंना उभं केलं.

"जरा हला."

हैदरभाई हलले.

"वाका. हात वर करा."

"साब," काचेमागून दबका आवाज आला, "इत्ता शक तो मेरी सास बी नै करी."

काच पास झाली. पण दाखवायची एक आणि घरी पाठवायची दुसरी, हे व्यंकटरावांना ठाऊक होतं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. गुळगुळीत बाजूवर ती उठेना, तेव्हा खरखरीत बाजूच्या मधोमध ठसठशीत सही केली: व्यं. रा. पैठणकर.

दरवाजाचे दोन्ही पल्ले बसवायला हैदरभाईंचा कारागीर बन्सी आला. काच हातात धरून त्यानं विचारलं, "काका, सहीची बाजू कुनीकडं करू?"

बन्सी हे का विचारतोय, याचा व्यंकटरावांनी थोडा वेळ विचार केला.

"पुसून टाका की," भानुमतीबाई म्हणाल्या. "पाहुण्यांना काय तुमची सही वाचायला लावताय?"

"वॉरंटी संपेपर्यंत सही हलणार नाही. बन्सी, ती बाजू आत घे."

"घेतो. मला काय, दोन्हीकडून काचच हाय."

त्यानंतर काचेवर पाण्याचा थेंब पडला नाही. टँकरचं पाणी क्षारांचं, डाग पडतील, म्हणून पाहुणे येईपर्यंत सगळ्यांनी बाहेर नळापाशी बादलीवर आंघोळी उरकल्या. दुकानातही व्यंकटरावांनी काच ठोकली, हुंगली, उन्हात धरली होती. तिच्यावर तांब्याभर पाणी ओतून बघावं, हे काही त्यांना सुचलं नाही. या शहरात शुद्धीवरचा माणूस काचेवर पाणी ओततो का?

दिगंबरराव सकाळच्या गाडीनं आले. चहा पिता पिता त्यांची नजर भिंतींवरून, छतावरून आणि कोपऱ्यातल्या उपड्या घागरीवरून फिरली. आपल्यासारखाच माणूस आहे, हे ओळखून व्यंकटरावांना घाम फुटला.

"आधी आंघोळ उरका," ते म्हणाले. "शॉवर आहे. चांगलं मनसोक्त..."

"शॉवर?" दिगंबररावांनी कप खाली ठेवला. "बघू."

ते आत गेले. काच सरकली. वरून टँकरचं पाणी धो धो कोसळू लागलं. व्यंकटरावांनी श्रीनिवासकडे विजयी नजरेनं बघितलं.

तेवढ्यात गल्लीतून शेजारच्या मनकर्णाबाईंची हाक आली. "अगं भानुमती, पाणी आलं!"

पाण्याचा वार परवाचा होता. पण वर्षानुवर्षांची सवय अशी, की त्या दोन शब्दांपुढं पाहुणा, सोयरीक, काच, काही आठवत नाही. व्यंकटराव पाइप घेऊन धावले, मागं भानुमतीबाई घागर घेऊन, त्यांच्यामागं गच्चीवरून ड्रम उतरवत श्रीनिवास. बिनकडीचं दार ढकलून सगळी वरात आत शिरली.

आणि व्यंकटराव जागीच थांबले.

काच होती तिथंच होती, पण ती दुधी राहिली नव्हती. खरखरीत काचेचे बारीक खळगे पाण्यानं भरले, की ती साध्या काचेसारखी होते. दिगंबरराव फोटोत दिसावेत तसे लख्ख दिसत होते. पंचा नेसून आंघोळ करायची जुनी सवय, म्हणून दोन्ही घरांची अब्रू राहिली. त्यांच्या पोटावर, बरोबर मधोमध, काळ्या अक्षरांत उलटी सही उमटली होती. साक्षांकित केलेल्या सरकारी कागदासारखे ते उभे होते.

"चादर आणा," व्यंकटराव पुटपुटले.

"पाणी भरायला चादर?" मागून भानुमतीबाई. "सरका, पाइप लावा आधी."

"अगं, समोर बघू नकोस."

त्यामुळे त्यांनी समोर बघितलं, आणि घागर तिथंच टाकून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

श्रीनिवासचं मात्र कुठं लक्षच नव्हतं. त्यानं पाइप ओढून ड्रममध्ये सोडला, आईची घागर उचलून नळाखाली लावली, भरलेली बाजूला केली, रिकामी सरकवली.

काच सरकली. दिगंबरराव अंगावर साबणाचा फेस घेऊन बाहेर आले, कोणाला काही न विचारता त्यांनी एक बादली उचलली आणि श्रीनिवासच्या मागं रांगेत उभे राहिले. नळ जाईपर्यंत कोणी बोललं नाही. पाणी भरताना बोलायचं नसतं.

नळाची धार तुटली, तसे ते एक रिकामी राहिलेली घागर उपडी घालून तिच्यावर बसले.

"पैठणकर, कितव्या दिवशी येतं?"

"येतं..." व्यंकटराव म्हणाले. "अधूनमधून."

"आणि शॉवर?"

"तुमच्यापुरता."

श्रीनिवासनं डोळे मिटून घेतले.

"मी लातूरचा माणूस," दिगंबरराव म्हणाले. "रेल्वेनं आलेलं पाणी प्यालोय. नळाला पाणी नाय म्हणून स्थळ मोडत बसलो, तर पोरगी देऊ कुठं? ते आधीचं स्थळ का मोडलं, ठाव आहे? पाणी आलं तेव्हा नवरामुलगा पलंगावर लोळत होता आणि त्याची आई घागरी उचलत होती. इथं मी काचेतून सगळं बघितलं. पोरगं आईची घागर उचलतं. तारीख काढा."

श्रीनिवासनं भरलेल्या ड्रमवर झाकण ठेवलं.

दिगंबररावांनी कौतुकानं काचेवर टिचकी मारली. "बाकी काच लई विचार करून निवडली तुम्ही. आतून समदं स्वच्छ दिसतं."

"आतून," व्यंकटराव म्हणाले.

"व्हय. बाहेरून नसंल ना दिसत?"

व्यंकटरावांना आजवर कोणी फसवलेलं नाही, आणि त्यांनीही आजवर कोणाला फसवलं नव्हतं. पण सोयरीक नुकतीच जुळली होती. ते म्हणाले, "तसूभरही नाही."

लग्न झालं. शॉवर तेव्हापासून बंद आहे. काचेमागं आता ड्रम ठेवलेत, आणि काच सदैव कोरडी असल्यामुळे बाहेरून ते अजिबात दिसत नाहीत. कोणी विचारलंच तर व्यंकटराव हैदरभाईंचा पत्ता देतात. माल खात्रीचा आहे म्हणतात.

सही मात्र रेणुकेनं पहिल्याच दिवाळीत पुसली. वॉरंटी संपायच्या आधीच.