पुढून कोरडं, मागून चौसष्ट

रामलिंगनं रजिस्टर पिशवीत घातलं तेव्हा त्याचं सगळं लक्ष पुढच्या पानांवर होतं. वहीला मागची पानंही असतात, हे तो विसरला होता.

रामलिंग चिंचझरीचा व्हॉल्व्हमन. सकाळी सहाला गावाला पाणी सोडायचं, आठला बंद करायचं आणि रजिस्टरात एक ओळ लिहायची. हे काम तो सहा वर्षं हंगामी म्हणून करत होता. आज तालुक्याला शाखा अभियंता मुदखेडे साहेब रजिस्टर तपासणार होते, आणि ते पसंत पडलं की रामलिंग कायम होणार होता. कायमची ऑर्डर टाइप होऊन पडली आहे, अशी पक्की बातमी होती.

रजिस्टर दोनशे पानी होतं. रोज एक ओळ लिहून ते जन्मात भरलं नसतं. चांगली वही अशी पडून राहिलेली सिंधुला, म्हणजे त्याच्या बायकोला, बघवेना. तिनं एप्रिलपासून ती मागून लिहायला घेतली होती.

*पुढून, पान १२*
१२ मे. पाणी सोडले स. ६. बंद स. ८. गळती नाही. जागा कोरडी. — रामलिंग

आता वही उलटी करा.

*मागून, पान ६*
१२ मे. स. ९ ते ९.१५. व्हॉल्व्हजवळचा चिखल. पिवळी ४१. पांढरी, काळ्या काठाची १९. इरकली काठाची ३. एक ओळखू आलं नाही, घाईत होतं. एकूण ६४. चिखल कालच्यापेक्षा मोठा. — सिंधु

ही फुलपाखरं होती. नांदेडला कॉलेजात शिकणारी सिंधुची भाची ऋतुजा जिल्ह्यातली उन्हाळी फुलपाखरं नोंदवत होती. जागा रोज तीच, वेळ रोज तीच, पंधरा मिनिटं, आणि बसलेलीच मोजायची, असा नियम. इस्लापूरकडं जंगल आहे, धबधबा आहे, तिथून सत्तावीस आली. चिंचझरीत झाड म्हणावं असं एक लिंब, आणि तिथून चौसष्ट. ऋतुजा फोनवर किंचाळलीच होती.

"मावशी, त्यांना नुसतं पाणी नको असतं. ओल्या मातीतलं मीठ चोखतात ती!"

ती ओली माती रामलिंगच्या कृपेची. जहांगीरच्या पंक्चरच्या दुकानामागं व्हॉल्व्ह होता आणि तो होळीपासून गळत होता. त्यात भरायची पॅकिंगची दोरी वरून यायची होती, ती आली नाही. रामलिंगनं जहांगीरकडून सायकलची जुनी ट्यूब घेऊन गुंडाळली. गळती थोडी लाजली, पण थांबली नाही. तक्रार कुणाचीच नव्हती. जहांगीर त्याच डबक्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचा, गावच्या शेळ्या तिथं पाणी प्यायच्या. गळती लिहिली असती तर पाणी बंद करून दुरुस्ती करावी लागली असती. त्यापेक्षा "कोरडी" लिहायला सोपं होतं.

नऊला पाच कमी असताना सिंधुनं वही शोधली. फडताळात नाही, गादीखाली नाही. मग तिला रामलिंगची सकाळची पिशवी आठवली. तिनं फोन लावला.

"अहो, कुठंशी हाव?"

"ऑफिसात. बोल लवकर."

"तुमच्या वहीत माझी फुलपाखरं हायेत."

"दाबून ठेवलीस का काय?"

"लिवून ठेवलीत."

"मग राहू दे की. फुलपाखरानं काय होतंय?"

"कुठं बसली तेबी लिवलंय."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"वही कुठाय?" सिंधुनं विचारलं.

"साहेबाच्या टेबलावर," रामलिंग म्हणाला, आणि आत पळाला.

मुदखेडे साहेबांना वर्तमानपत्रसुद्धा मागून वाचायची सवय होती. ते पान सहावर पोचले होते.

"ह्या सिंधु कोण?"

"मंडळी हाय साहेब."

"मंडळी म्हणतात, चिखल कालच्यापेक्षा मोठा." साहेबांनी वही फिरवली. "तुम्ही म्हणता, जागा कोरडी. तारीख एकच, व्हॉल्व्ह एकच. ह्यातलं खरं काय?"

सिंधुचं खरं म्हटलं तर ऑर्डर गेली. रामलिंगनं छताकडं पाहिलं, तिथं काही सुचवणारं नव्हतं.

"साहेब, तिला कल्पना लई सुचतात. मनानं लिवती."

"'एक ओळखू आलं नाही, घाईत होतं.' हे मनानं लिहिलं?"

"हाव."

साहेबांनी वही कपाटात ठेवली. "उद्या नऊला येतो. एक तर चिखल दिसेल, नाहीतर कोरडं."

होळीपासून न आलेली पॅकिंगची दोरी रामलिंगनं येताना हार्डवेअरच्या दुकानातून घेतली. दुकान ऑफिसाच्या समोरच होतं.

दुपारी तो आणि जहांगीर व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरले.

"रामलिंगभाऊ, मी ट्यूब कशात बुडवू आता?"

"इथं माझी नोकरी जाऊन राहिली, तुला ट्यूबचं पडलंय?"

"अरे पण साबला बोल्ला काय तू?"

"बोललो, बायको मनानं लिवती म्हणून."

वरून कपबशी वाजली. सिंधु चहा घेऊन उभी होती.

"मी मनानं लिवते?"

"अगं, तिथं कायतरी बोलावं लागतंच की."

"चौसष्ट मोजाया मी उनात उभी राहते. तुमी कोरडं लिवाया घरातून हालत न्हाई. आन् मनानं मी लिवते?"

ती चहा घेऊन आली होती, तशीच चहा घेऊन गेली.

"मेरा कप तो देना था, भाभी," जहांगीर पुटपुटला.

संध्याकाळपर्यंत गळती थांबली. चिखल मात्र चिखलच राहिला. म्हणून रामलिंगनं पहाटे उठून त्यावर कोरडा मुरूम ओतायला सुरुवात केली. चाळीस घमेली झाली तेव्हा नऊ वाजत आले होते, समोर साहेबांची गाडी होती आणि अंगातल्या बनियनवर घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते.

साहेबांनी बुटानं मुरूम दाबून पाहिला. ठणठणीत.

"म्हणजे रामलिंग, तुमचं रजिस्टर खरं."

आता फक्त मान हलवायची होती. ऑर्डर साहेबांच्या खिशातून डोकावताना दिसत होती. रामलिंगची मान अर्धी खाली गेली आणि तिथंच अडकली, कारण समोर सिंधु येऊन थांबली होती.

"साहेब, वही द्या जरा. नऊ वाजले."

साहेबांनी बगलेतली वही काढून दिली. ती उभी राहिली. रोजची फुलपाखरं रोजच्या वेळी आली, मुरुमावर दोन गिरक्या घेऊन गोंधळली आणि वर लिंबाकडं गेली. सिंधुनं पेन्सिलीनं लिहिलं.

*मागून, पान ७*
१४ मे. चिखल नाही. बसलेली ०.

"शून्य कशाला लिहिता, ताई? नुसतं सोडून द्यायचं."

"सोडून कसं द्यावं? न्हाई तर न्हाई म्हणून लिवायचं. भाची म्हणती, शून्यबी नोंदच हाय."

साहेबांनी एकदा तिच्या पानाकडं पाहिलं आणि एकदा रामलिंगकडं. तेवढ्यात एक पिवळं फुलपाखरू खाली आलं आणि रामलिंगच्या पाठीवर बसलं. मग दुसरं. मग काळ्या काठाची चार.

"हलू नका!" सिंधु ओरडली.

"अगं, गुदगुल्या व्हायल्यात!"

"नऊ मिनिटं ऱ्हायलीत. हलू नका म्हन्ते ना."

रामलिंग खांबासारखा उभा राहिला. साहेब त्याच्याभोवती सावकाश फिरले.

"एवढा घाम कशाचा, रामलिंग?"

"ऊन लई हाय साहेब."

"नऊ वाजता?"

पळून जायची सोय नव्हती. कानाच्या पाळीवर एक इरकली काठाचं येऊन बसलं होतं.

"मुरूम टाकून राहिलो होतो, साहेब."

"कशावर?"

"चिखलावर."

"चिखल कधीपासूनचा?"

"होळीपासून."

"शिवरातीपासून, साब," जहांगीरनं दुकानातून मदत केली.

"म्हणजे ताईंनी मनानं लिहिलं नव्हतं."

रामलिंगनं मान न हलवता उत्तर दिलं. "न्हाई साहेब. मनानं मी लिवलं."

सिंधुनं घड्याळ पाहिलं.

"झाली पंधरा मिनिटं," सिंधु म्हणाली. तिनं शून्य खोडलं नाही. खाली नवी ओळ लिहिली: *मालकाच्या बनियनवर १७.*

साहेबांनी ऑर्डर बाहेर काढली, उलगडली, परत घडी घालून खिशात ठेवली. "एक महिना. पुढचं पान आणि मागचं पान सलग एक महिना जुळलं, की ही घेऊन जा."

"आन् फुलपाखरांचं काय?" सिंधुनं विचारलं.

"मी रोज दोन घागरी सांडतो," रामलिंग घाईघाईनं म्हणाला.

"सांडा," साहेब म्हणाले. "पण सांडलं तेवढंच लिहा."

*पुढून, पान १३*
१५ मे. पाणी सोडले स. ६. बंद स. ८. गळती नाही. फुलपाखरांसाठी दोन घागरी सांडल्या. — रामलिंग

वही उलटी करा.

*मागून, पान ७*
१५ मे. स. ९ ते ९.१५. एकच घागर सांडली. दुसरी जहांगीरभाईच्या टपात गेली. एकूण २२. महिना उद्यापासून. — सिंधु