गाठीतलं घर

हुक्केरीकर अण्णांना भिंत दिसली की ते ती चिमटीत धरायला जायचे. खोटं सांगत नाही. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी अंगठा आणि बोट भिंतीवर घासायचं, मान तिरपी करायची आणि म्हणायचं, "पोत बरा हाय. खळ जास्त हाय." कापडाला खळ, तसा भिंतीला चुना. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. मी कॉफीचा पेला घेऊन उभी, आणि हा माणूस माझ्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीचा पोत बघतोय. म्हटलं, झालं, शेजार चांगलाच लाभला.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या ह्यांना बेंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली आणि मी साताऱ्याहून थेट कॉटनपेटजवळच्या एका वठारात येऊन पडले. वठार म्हणजे मध्ये अंगण, अंगणात एक नळ आणि भोवती बिऱ्हाडं. अण्णा आणि त्यांची थोरली बहीण अक्का आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. हुक्केरीकडची माणसं, पण दोन पिढ्या इथंच गेलेल्या. मराठी बोलता बोलता मध्येच कानडी डोकवायची. "स्वल्प थांबा वैनी", "सरी, सरी, तसंच करू या" असं चालायचं.

अण्णांची चिकपेटेत वखार होती. गिरणीत डाग पडलेलं, विणीत चुकलेलं, मापात कमी भरलेलं कापड ते गाठीनं घ्यायचे आणि गाठीनंच विकायचे. गाठ सोडून दाखवत नसत. एखाद्या गिऱ्हाइकानं आत काय आहे म्हणून विचारलंच तर म्हणायचे, "तुमचं नशीब हाय." आणि न खपलेल्या मालाबद्दल कुणी काळजी केली तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "गिऱ्हाईक निघालंय. वाटेत हाय." त्यांनी लग्न का केलं नाही असं मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हाही हेच ऐकवलं. तेव्हा ते पन्नाशीला आले होते.

अक्कांना दिसत नसे. वयात येता येता देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. उंच, ताठ बाई, पण दिवसभर भिंतीला टेकून चटईवर बसलेल्या. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागायचा. स्वयंपाक अण्णा करायचे, आणि त्यांचा भात मला भिंतीपलीकडून वासावरून कळायचा, कारण तो रोज लागायचा. देवळात जाऊन आल्या की अक्का दारात थांबून विचारायच्या, "दत्तू, पायऱ्या किती? उंबरा केवढा?" अण्णा सांगायचे आणि हात धरून आत न्यायचे. वर्षभर त्याच दारातून ये-जा केलेली, तरी रोज विचारायच्या.

मला वाटायचं, बाईला सवयच लागलीय बसून खायची. तसं मी आडून एकदा बोललेसुद्धा. अक्का रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्या दत्तूनं किती घरं बदलली माहीत आहे तुला? एक कुठं उलगडायला लागलं की मालक उठा म्हणतो. एका घरात हात भाजला, एकात पडले. आता मी शिकायचं सोडलंय बघ."

त्यांचं स्वतःचं घर होतं, दोघं तिथंच वाढलेले, चामराजपेटेत, तीन खोल्यांचं, कौलारू. वडिलांनी सुताच्या धंद्यापायी ते एका छोट्या बँकेकडे गहाण टाकलं. धंदा बसला, वडील गेले, बँकेनं घर घेतलं आणि भाड्यानं दिलं. पुढं ती बँकही बसली. अण्णा हे सांगताना अगदी खुशीत येत. मोठ्या बँकेनं छोटीला गिळलं आणि पोटात काय काय गेलंय ते बघितलं, तर अशी जप्तीतली सात घरं निघाली. बँकेला ती लवकर विकून काढायची होती.

अण्णा धोतर-कोट घालून बँकेत गेले. साहेबांना म्हणाले, "मला एकच द्या, चामराजपेटेतलं." साहेब म्हणाले, "सुटं मिळत नाही. सातही घ्या, नाहीतर एकही नाही. आणि आत कोण राहतं, कसं राहतं, ते तुमचं तुम्ही बघायचं." चांगली घरं उचलून नेली तर वाईट कोण घेणार, हा त्यांचा हिशेब. अण्णा घरी येऊन माझ्या ओट्यावर बसले आणि पोट धरून हसले. म्हणाले, "वैनी, जन्मभर मी लोकांना हेच सांगितलं. आज मला सांगणारा भेटला की वो."

वखार विकली. गाठ सोडून न बघता सात घरं घेतली. चिकपेटेत दुसऱ्याच्या पेढीवर बसून कटपीस विकू लागले. बेत साधा होता. सहा विकायची, सातव्यात अक्कांना न्यायचं. पण अक्कांना ह्यातलं काही सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. "एकदा घर जाताना बघितलंय तिनं," म्हणाले, "दुसऱ्यांदा नको." आंधळ्या बहिणीनं बघितलंय म्हणाले, आणि ते त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

मग गाठ सुटायला लागली, आणि रोज संध्याकाळी आम्हाला एकेका नगाची हकीकत कळायला लागली. बसवनगुडीतलं घर उत्तम, दगडी. पण आत वकील भाडेकरू. अण्णा दर महिन्याला जायचे, वकील प्रेमानं कॉफी पाजायचे आणि निघताना कायदा ऐकवायचे. "पक्का डाग हाय," अण्णा म्हणाले, "धुऊन निघायचा नाही." मल्लेश्वरमचं घर पालिकेनं रस्ता रुंद केला तेव्हा पुढच्या खोलीसकट गेलं. "पहिल्या धुण्यात आटलं." एक घर दोन भावांच्या भांडणातलं, त्यातलं निम्मंच आपलं, आणि विहीर त्या दुसऱ्या निम्म्यात. "धोतर जोडीनं मिळतं, मला पान एकच आलंय." एका घराच्या अंगणात पिंपळाखाली नागाचे दगड होते. गल्लीतल्या सगळ्या बायका तिथं दूध घालायला यायच्या, आणि दाराला कडी घालायची कुणाची छाती नव्हती. ते विकत घ्यायला आलेला माणूस दगड बघून बाहेरूनच नमस्कार करून गेला. एक घर सापडतच नव्हतं. आमचे हे आणि अण्णा रविवारी सायकली काढून शोधायला गेले, तर ती जागा तळ्यात निघाली. पावसाळा होता. कडेला एक म्हातारा गळ टाकून बसला होता. अण्णांनी त्याला विचारलं, "काय लागतंय का?" तो म्हणाला, "नाही." अण्णा म्हणाले, "मलाबी नाही." सहाव्या घराबद्दल ते बोलतच नसत. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी कॉफी मागितली.

हे म्हणायचे, अण्णांना वेड लागलंय. वठारातली बाकीची माणसं त्यांना तोंडावर 'सात घरांचे मालक' म्हणायची आणि पाठीमागे हसायची. सात घरांचा मालक आणि राहायला दोन भाड्याच्या खोल्या, नळावर नंबर लावून पाणी. अण्णांना त्याचं काही नव्हतं. पण त्या वर्षी अक्का जेवण टाकायला लागल्या. दुपारी मी ताक घेऊन जायची, तर तसंच ठेवून द्यायच्या. एकदा म्हणाल्या, "दत्तू माझ्यापायी अडकला गं. मी कोपऱ्यातलं गाठोडं, मला उचलून ठेवत बसतोय." मी हे अण्णांना सांगितलं नाही, पण ते त्या दिवशी पलीकडच्या खोलीत होते आणि मधली भिंत पातळ होती, त्यांनी ऐकलं असणार. त्या रात्री भात लागल्याचा वास आला नाही, कारण भात केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "वैनी, स्वल्प माझ्याबरोबर चला. बाईमाणूस पाहिजे." आम्ही चामराजपेटेत गेलो. तिथं एक पोस्टमास्तर बायको, मुलगा, सून असे राहत होते. भली माणसं, पण उठायला तयार नाहीत. पोस्टमास्तरांनी पदरमोड करून ते घर सुधारलंही होतं. खोलगट जमीन भरून घेऊन सिमेंट केलं होतं, स्वयंपाकघराचं दार हलवलं होतं, बुटकं पुढचं दार मोडून उंच केलं होतं. ते अभिमानानं दाखवत होते आणि अण्णांचा चेहरा उतरत चालला होता. त्यांनी भिंतीला हातसुद्धा लावला नाही.

पोस्टमास्तरीणबाईंनी मला आत नेलं. बायका आत बसल्या की जे निघतं ते निघालं. सुनेच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पदरी काही नव्हतं, आणि कुणी सांगितलं होतं की नागाच्या दगडांना रोज दूध घालायला पाहिजे. पण ह्या गल्लीत नागाचे दगड कुठले? मी तशीच बाहेर आले आणि अण्णांना बाजूला घेऊन म्हटलं, "अण्णा, गिऱ्हाईक वाटेत नाही. घरात बसलंय."

महिन्याभरात पोस्टमास्तर नागाच्या घरात राहायला गेले, आहे त्याच भाड्यावर. बाईंनी जाताना माझी ओटी भरली. अण्णांनी जो माल जन्मात गिऱ्हाईक मिळायचं नाही म्हणून सोडला होता, त्यानंच काम केलं.

आता तरी अक्कांना नेतील असं मला वाटलं. तर अण्णांनी गवंडी बोलावला आणि चांगली सिमेंटची जमीन फोडायला लावली. ह्यांना दाखवायला घेऊन गेले, तर हे कपाळाला हात लावून परत आले. "अगं, चांगलं घर बिघडवतोय तो माणूस. जमीन पुन्हा खोलगट करतोय. पुढचं दार पुन्हा बुटकं. आणि ओसरीच्या मधोमध एक पायरी बांधून घेतोय. तिला अर्थ नाही, गरज नाही, मी दोनदा ठेचकाळलो."

मी जाऊन बघितलं ते आणखीच विचित्र. अण्णा डोळे मिटून घरात फिरत होते. मध्येच थांबून गवंड्याला म्हणत, "इथं मला लागायला पाहिजे वो. का लागत नाही?" गवंडी हसू दाबून एक वीट वर सरकवायचा. अण्णा पुन्हा मागे जाऊन डोळे मिटून यायचे. कपाळ चौकटीवर आपटलं की खूश होऊन म्हणायचे, "सरी. आता बरोबर." आठवडाभर त्यांच्या कपाळावर टेंगूळ होतं. स्वयंपाकघराचं दार, चुलीची जागा, हंड्याचा कट्टा सगळं पूर्वी होतं तिथं करून घेतलं, आणि ओसरीचा एक जुना खांबसुद्धा कुठल्या तरी लाकडाच्या वखारीतून परत शोधून आणला. मी म्हटलं, अण्णा, थकलात तुम्ही. ते म्हणाले, "मी काय थकतोय. भिंतीच लबाड हायत."

शेवटी एका सकाळी त्यांनी अक्कांना जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, बसवलं. सोबतीला मी. अक्कांना सांगितलं होतं, दुसरं भाड्याचं घर मिळालंय. उतरताना त्या म्हणाल्या, "ह्या वयात आणखी एक घर. मला आता बसायची जागा दाखव आणि सोड." घोडा निघून गेला. अक्कांनी नेहमीसारखं विचारलं, "दत्तू, पायऱ्या किती? उंबरा केवढा?"

अण्णा अक्कांचा हात सोडून मागे सरले.

"दत्तू?"

मला राहवेना. मी हात धरायला पुढं झाले, तर अण्णांनी माझं मनगट धरलं. हळूच म्हणाले, "वैनी, राहू दे."

अक्का चिडल्या. हात पुढं करून चाचपडत एक पाऊल टाकलं आणि तो हात खांबाला लागला. त्या थांबल्या. हात खांबावरून खाली गेला, कुठंतरी एक जुनी खाच होती तिथं टेकला आणि बराच वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी विचारायचं सोडून दिलं. चालायला लागल्या. ओसरीच्या मधोमध, त्या बिनकामाच्या पायरीशी, त्यांचा पाय आपोआप उचलला गेला. दाराशी आल्यावर त्या उंच बाईनं नेमकी मान लववली आणि आत गेल्या. भिंतीला हात नाही, कुणाचा आधार नाही, पदर सावरत तरातरा गेल्या. इतके दिवस मी त्यांना बसलेलं, नाहीतर कुणाचा हात धरून चालतानाच बघितलं होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

अण्णा ओसरीवर बसले. त्यांचा एक हात शेजारच्या भिंतीवर होता, पण पोत-खळ काही म्हणाले नाहीत. आतून हंड्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, मग फडताळ उघडल्याचा. मग मोठ्यानं, घरच्या बाईचा, चिडका आवाज आला. "चुलीजवळ कुणी राख सांडलीय ही? वैनी आल्यात ना? कॉफी ठेवते. आणि दत्तू, आत येताना पाय धुतलेस का?"

अण्णांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. मग ते उठले आणि परसातल्या नळाकडे पाय धुवायला गेले.