वकीलसाहेबांचा अमेरिकन

वकीलसाहेबांपुढे चहा ठेवला की ते आधी कप बदलतात. आपला कप माझ्यापुढे सारतात, माझा स्वतःकडे ओढतात, आणि मी घोट घेईपर्यंत तोंडाला लावत नाहीत. "तुमच्यावर संशय नाही, ताई," म्हणतात. "पण सावध माणूस दोन घोट जास्त जगतो."

आम्ही जर्मनीत लुडविग्सहाफेनला राहतो. माझा मुलगा इथल्या केमिकल कारखान्यात आहे. वरच्या मजल्यावर अनघा राहते, तिचे हे वडील. गावाकडे त्यांनी वकिली केली, मग एकदा आमदार झाले, पुढच्या खेपेला पडले. बायको गेल्यापासून लेकीकडे असतात. ती ऑफिसला गेली की दुपारी खाली येतात, आणि आल्या आल्या आमच्याच दाराची कडी तपासतात.

त्यांच्या संशयातून कुणी सुटत नाही. नातीला मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. ती "गेनाऊ" म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर, की ते मला सांगतात, "कबुली दिली, ऐकलंत ना?" बसस्टॉपवर उभा राहणारा एक म्हातारा त्यांच्या मते विरोधी पक्षाचा. तो जर्मन आहे असं अनघानं सांगितलं, तर म्हणाले, "वरून तसा दिसतो."

आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी ज्याची, त्याच्या दाराला लाकडी पाटी अडकवतात. आपलं झाडून झालं की ती पुढच्याच्या दाराला. एकदा ती अनघाच्या दाराला आली. एवढ्या दारांत आपल्याच दाराला खूण का, म्हणून वकीलसाहेबांनी ती काढली आणि रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवली. पुरावा म्हणून. आता पाटी नाही, त्यामुळे पाळी कुणाचीच नाही. जिन्यात धूळ साचली आणि सगळे जर्मन एकमेकांकडे वाकड्या नजरेनं बघू लागले. शेवटी तळमजल्यावरच्या फ्राउ केलर वर आल्या. वकीलसाहेबांनी अनघाला दुभाषी करून त्यांची उलटतपासणी घेतली. बाईंनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं आणि मग त्यांच्या हातात झाडू ठेवला. "साक्षीदार फुटत नाही," असं म्हणत वकीलसाहेबांनी जिना झाडला.

पण त्यांचा मोठा खटला वेगळाच. शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन वकिलाचं चरित्र ते लिहिणार आहेत. त्याचं नाव मला अजून कळलेलं नाही. भिंतीपलीकडे कोण ऐकत असेल सांगता येत नाही, म्हणून ते त्याला 'आपला माणूस' म्हणतात.

आपला माणूस शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेज बघितलं नाही. एका म्हाताऱ्या वकिलाच्या कचेरीत झाडलोट करत कायदा वाचला. एका गरिबाची गाय रेल्वेखाली सापडली, तर यानं कंपनीला कोर्टात खेचून भरपाई मिळवून दिली. झालं, लोक लांबून घोडागाड्या जुंपून त्याच्याकडे येऊ लागले. त्या गायीच्या पुण्याईवर तो तिथल्या विधानसभेत गेला. लहान मुलांना गिरणीत राबवू नका म्हणून सगळ्यांशी भांडला. आणि पुढच्या निवडणुकीत आपल्याच गावात पडला.

इथे गोष्ट अडते. का पडला? वकीलसाहेब रोज नवा आरोपी उभा करतात. रेल्वेवाले, गिरणीवाले, चुलतभाऊ, चर्चचा पाद्री. सगळे निर्दोष सुटतात. मग ते आवाज खाली आणतात. तिकडे बायकांना मताचा हक्क तेव्हा नुकताच मिळाला होता. "बायकोचं मत, ताई. ते कुणाला गेलं?"

मला परक्या माणसापुढे शब्द सुचत नाहीत, आणि त्यांनाही ऐकणारंच माणूस हवं असतं.

गेल्या थंडीत अनघा कामासाठी आखन शहरात गेली होती, तेव्हा ते दिवेलागणीपर्यंत बसले. पुन्हा तीच गोष्ट. आपला माणूस आमदार झाल्यावर घरी कसा टिकत नव्हता, आला तरी दारात माणसांची रीघ कशी असायची. "ती बिचारी झुणका झाकून बसून राहायची. भाकरी पार वातड व्हायची."

मी चहा ओतता ओतता थांबले. अमेरिकेत झुणका कुठला?

त्यांना त्याचं भान नव्हतं. "मत देऊन बाहेर आली ती खाली मान घालून," ते म्हणाले. "माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." मग तेही थांबले.

शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही बाई आहात. तुम्ही सांगा. दिलं असेल विरुद्ध?"

"दिलंही असेल," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. "तुम्ही घरी जेवावं म्हणून."

ते खिडकीकडे वळले. "साऱ्या गावाची उलटतपासणी घेतली मी. तिला विचारायचा धीर झाला नाही." मग म्हणाले, "पडल्यावर घरीच जेवलो. ती असेपर्यंत रोज. पण संशय धरून. ताटावरून मान वर केली नाही."

मी चहा ओतून त्यांच्या सवयीप्रमाणे कप बदलायला हात पुढे केला. "राहू द्या," ते म्हणाले, आणि आपल्या पुढ्यातलाच कप उचलून प्यायले.

दुसऱ्या दिवशी कप पुन्हा बदलला. कडीही तपासली. बसस्टॉपवरचा म्हातारा अजून विरोधी पक्षातच आहे. पण आपला माणूस निवडणुकीत पडला की गोष्ट आता तिथे थांबत नाही. तो घरी येतो, हातपाय धुतो आणि बायकोसमोर जेवायला बसतो. ती काय काय बोलते, ते वकीलसाहेब मला रोज नवं सांगतात.