मगदूम सरांचे बिघाड

मगदूम सर प्रॅक्टिकलच्या अर्धा तास आधी येऊन स्वतःची लॅब मोडून ठेवायचे.

मोडून म्हणजे फोडून नव्हे. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते कॉम्प्युटरचं नेटवर्क शिकवायचे आणि मी त्यांच्या लॅबचा मदतनीस. मुलं यायच्या आत सर बाह्या सरसावून टेबलाखाली शिरत. कुठं वायर अर्धीच उपसून ठेव, कुठं एखाद्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता बदलून ठेव. सगळ्यात लाडका बिघाड नेलपॉलिशचा. वायरीच्या टोकाला बारीक सोनेरी दात असतात, त्यातल्या एका दाताला बिनरंगाचं नेलपॉलिश फासायचं. वायर दिसायला धडधाकट, आतून मुकी. हे नेलपॉलिश ते स्वतः जाऊन आणत. एकदा मी सोबत होतो. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "वहिनींसाठी का, सर?"

"वायरीसाठी," सर म्हणाले. "लवकर वाळणारं द्या."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

बिघाड करून झाला की सर खुर्चीत बसून गुणगुणायला लागत. सूर एकच, शब्द नाहीत. मुलं टेबलाखाली घामाघूम, आणि ह्यांचं आपलं चालूच. कुणी कुरकुरलं, "सर, चालतच नाही," तर उत्तर ठरलेलं: "चालत न्हाई ते मला ठावं हाय. कुठवर पोचलं, ते सांग."

हा त्यांचा मंत्र. शोधायचं ते आपल्या टोकापासून. आपलं मशीन, मग आपली वायर, मग भिंतीवरचा स्विच, म्हणजे चोवीस भोकांची ती पेटी, जिच्यात सगळ्या मशीनच्या वायरी येतात. मग पुढचं. मधेच उडी मारणाऱ्याला सर पुन्हा पहिल्या टोकाला नेऊन बसवत.

मी नववीत शाळा सोडलेली. गाव कोयनानगरच्याही वर, डोंगरात. पाटणला एक गाडी बदला, कराडला दुसरी, तेव्हा सांगली दिसते. कॉलेजच्या रंगकामावर मजूर म्हणून आलो होतो. लॅबची भिंत रंगवताना वायरी काढाव्या लागल्या, तर कुठली कुठं होती ते कळावं म्हणून मी प्रत्येकीला आणि तिच्या भोकाला एकाच रंगाचा दोरा बांधला. सर कमरेवर हात ठेवून ते दोरे बराच वेळ बघत राहिले.

"कितवी शिकलास रं?"

"नववी. तीबी अर्धी."

"बास झाली," म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात मला अकरा महिन्यांची ऑर्डर मिळाली.

मला काही समजत नसे तेव्हा सर माझ्या गावात शिरून समजावत. पोरं ज्याला पिंग म्हणतात ते काय, असं विचारलं तर म्हणाले, "तुमच्याकडं ह्या वाडीवरनं त्या वाडीला हाळी घालत्यात न्हवं? पल्याडच्यानं ओ दिली की काय कळतं? माणूस हाय, आन् वाटबी हाय. हे तेच." तेव्हापासून लॅबमध्ये पिंगला मी हाळीच म्हणायचो. पोरं हसायची. सर हसत नसत.

पण मी कायम भ्यालेला. एकदा झाडताना माझ्या केरसुणीनं सर्व्हरचा प्लग निघाला होता. तेव्हा एचओडी साहेब, म्हणजे विभागप्रमुख, सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आणखी एक चूक झाली की पाटणची गाडी धरायची." घरी मी कंत्राटाचं काही सांगितलं नव्हतं. आई शेजारपाजारी सांगत होती, पोरगं कॉलेजात लागलं.

आणि मग विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा आली. बाहेरून परीक्षक येणार म्हणून मी सात वाजताच लॅब उघडली. फरशी पुसली, पडदे झटकले. शेवटची नजर फिरवताना स्विचमधून एक पिवळी वायर लोंबताना दिसली. एक टोक पेटीत, दुसरं मोकळं. पाहुणे यायच्या घरात असं लोंबकळतं बरं दिसतं का? मी ते मोकळं टोक शेजारच्या रिकाम्या भोकात टक् करून बसवलं. तशी पेटीचे सगळे दिवे एकाच तालात लुकलुकायला लागले. मला वाटलं, आज लॅबसुद्धा खुशीत आहे.

दहाला परीक्षा सुरू झाली. पाच मिनिटांत पहिली हाक, "सर, पिंग जात नाही." मग दुसरी. मग वीसच्या वीस मशीन मुक्या. कुणाची हाळी कुणापर्यंत पोचेना.

एचओडी साहेब धावत आले. "मगदूम, परीक्षेच्या दिवशी हे काय? सकाळी कोण होतं इथं?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. काय केलं ते मला कळत नव्हतं, पण आपण काहीतरी केलंय एवढं कळलं होतं. "साहेब, मी—"

"सदा," मगदूम सर म्हणाले, "परीक्षकसाहेबांना पाणी आण."

मी ग्लास घेऊन वळलो तोवर सर परीक्षकांपुढं उभे होते. "बिघाड मी केलाय, सर. मुलांना हा पहिला प्रश्न."

परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. "प्रश्नपत्रिकेत नाही हा."

"नेटवर्क बिघडताना आधी चिठ्ठी पाठवतं का, सर?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षक हसले नाहीत. घड्याळ काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "पंधरा मिनिटं. सापडलं तर मार्क देतो. नाही सापडलं तर परीक्षा रद्द, आणि अहवालात सगळं येईल. कुणी काय केलं ते."

मुलं टेबलांखाली घुसली. रोजचंच काम होतं त्यांचं. मला मात्र एकच गोष्ट ऐकू येत होती. सर गुणगुणत नव्हते.

बिघाड कुठं आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. बोटं शर्टाच्या गुंडीवर नुसती फिरत होती. जाऊन मुलांना मदत करावी तर स्वतःच घातलेल्या प्रश्नाचं उत्तर सांगितल्यासारखं झालं असतं. मी हातातला ग्लास कुणाला द्यायचा तेच विसरलो. पाच मिनिटं गेली. आठ गेली. पाटणच्या गाडीची वेळ मला पाठ होती.

अश्विनी म्हणून एक गप्प पोरगी होती. ती आपलं मशीन, आपली वायर असं करत स्विचपाशी आली आणि थांबली. "सर, सगळे दिवे एकदमच लुकलुकतायत."

"मग? कुठवर पोचलं?" सरांचा आवाज कोरडा होता.

"पोचत कुठंच नाही, सर. जागच्या जागी फिरतंय." तिनं एकेक वायर बोटानं चाचपली. "ह्या पिवळीची दोन्ही टोकं ह्याच पेटीत आहेत. आत गेलेलं दुसरीकडून परत आतच येतंय. तेच तेच ओरडतंय, म्हणून बाकीच्यांचं ऐकू येत नाही."

पिवळी. माझ्या हातातलं पाणी बुटांवर सांडलं.

तिनं एक टोक उपसलं. तेरा मिनिटं झाली होती. वीस पडद्यांवर ओ उमटत गेली. परीक्षकांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि एचओडी साहेबांना म्हणाले, "असा प्रश्न ठेवायला धाडस लागतं हो." साहेब असं हसले, जणू धाडस त्यांचंच.

सरांनी मुलांकडं बघितलं नाही. आधी ते आपल्या लॅपटॉपकडं गेले. त्यावर एका कोपऱ्यात एक काळी खिडकी कायम उघडी असायची. तिला हात लावायचा नाही, हा लॅबचा नियम. मघापासून थांबलेल्या तिथल्या ओळी पुन्हा एकेक करून उतरायला लागल्या. मग कुठं सर गुणगुणले.

पाचला मुलं गेली. मी म्हटलं, "सर, ती वायर मी खोचली."

"ठावं हाय. हितं इतकं नीट टोक बसवणारं दुसरं कोण हाय?"

"मग आवं, तुमी स्वतःवर का घेतलं?"

"ह्या लॅबचे बिघाड माझेच असत्यात. तुझा कुठनं आला मधेच?"

काहीतरी विचारायचं म्हणून काळ्या खिडकीकडं बोट केलं. "ही कुणाला हाळी, सर?"

"घराला. फ्रीजवर इंटरनेटची डबी हाय, हिनं ठेवलेली. ती ओ देती."

"घरी कोण असतं?"

सर लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. "चार वर्षं झाली, कोण न्हाई," म्हणाले. "ओ येती तेवढी."

दुकानातल्या त्या बाईंना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

सर निवृत्त झाले, त्याला आता दुसरं वर्ष. जाताना त्यांनी नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात दिली आणि घरच्या डबीचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. काळी खिडकी आता लॅबच्या मशीनवर उघडी असते. सकाळी आल्या आल्या मी तिच्याकडं बघतो. ओ आलेली असते. माणूस हाय, वाटबी हाय.

फक्त मंगळवारी येत नाही.

पहिल्या मंगळवारी मी हातातली केरसुणी टाकून निघालो. सायकल अशी दामटली की विश्रामबागेत सरांच्या घरी पोचेपर्यंत धाप लागली. सर दारातच उभे होते, इस्त्रीच्या शर्टात. "बरं झालं आलास. नेट बंद हाय. कळंना मला." माझी धाप बघून खजील झाले, पण आत ओट्यावर चहाचे दोन कप मांडून ठेवलेले होते.

आता मी घाबरत नाही. दर मंगळवारी काम सुटलं की जातो. कधी डबीमागची वायर सैल असते, कधी बटण बंद, आणि परवा तर टोकाच्या सोनेरी दाताला ओलं नेलपॉलिश लागलं होतं. सरांनी नवी बाटली आणली होती. कुठं काय केलंय ते मला दारातूनच दिसतं.

पण मी बाहेरच्या मीटरपासून सुरुवात करतो. वायरीचा प्रत्येक खिळा बघतो, प्रत्येक वळण चाचपतो. आतून गुणगुणणं ऐकू येत असतं.

"कुठवर पोचलं रं, सदा?"

"आत्ताशी मीटरपाशी हाय, सर," मी सांगतो. "लय वेळ लागंल."