बाराव्या पायरीचा माणूस

घाई केली की काम बिघडते, आणि घाई अजिबात केली नाही की ते बिघडण्याची शक्यताच उरत नाही. हे सत्य सर्वांना पटते, पण ते आचरणात आणण्याची चिकाटी फार थोड्यांकडे असते. त्या थोड्यांपैकी एक होते लिफ्ट तपासनीस.

हे गृहस्थ उंच इमारतींच्या लिफ्ट तपासत. दोर, ब्रेक, दारांच्या फटी, सगळे डोळ्यांत तेल घालून पाहत, 'सुरक्षित' असा शिक्का मारत आणि जिन्याने खाली येत. (एका इमारतीतल्या रहिवाशांनी हे पाहिले आणि तेही पुढचा महिनाभर जिनाच वापरू लागले. त्या महिन्यात तिथे लिफ्टचा एकही अपघात झाला नाही, हे श्रेय तपासनीसांचेच.)

त्यांचा मेहुणा दातांचा डॉक्टर. रविवारी दवाखाना बंद असे, म्हणून दुपारी त्याच्या प्रतीक्षागृहात, दाढेच्या आडव्या छेदाच्या चित्राखाली, घरच्या माणसांचा एक खेळ सुरू झाला. खेळ तसा सोपा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे व्हायचे आणि आपल्या पात्राचे ताकद, शहाणपण वगैरे गुण आकड्यांत कागदावर लिहायचे. 'मी नदीत उडी मारते' असे म्हणायचे, वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि मग फाशाच्या मर्जीप्रमाणे पोहायचे किंवा बुडायचे. जिवंत राहिलेले पात्र अनुभवाने एकेक पायरी वर चढते आणि दर पायरीला त्याला नवी शक्ती मिळते. गोष्ट मेहुणा सांगे. राक्षसही तोच बनवी, जबड्यांचे साचे घ्यायच्या प्लास्टरचे. त्यामुळे त्या जगातले राक्षस कितीही क्रूर असले, तरी त्यांच्या दातांना नावे ठेवायला जागा नव्हती.

खेळायला तपासनीसांची बायको होती आणि सासूबाई होत्या. सासूबाईंचा उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात गेला होता. पहिल्या रविवारी चहा उकळेपर्यंत बायकोने एक चोरटी पोरगी तयार केली. सासूबाईंनी तो गाळेपर्यंत एक घोडेस्वार बाई उभी केली.

"घोडा पांढरा," त्या म्हणाल्या. "आणि त्याला विजेची भीती वाटते."

"पण आई, ताकद किती ठेवलीत?" तपासनीसांनी विचारले.

"घोड्याची?"

"तुमची!"

"ती याला घालू दे काहीतरी," असे म्हणून सासूबाईंनी कागद मुलाकडे सरकवला.

तपासनीसांच्या अंगावर काटा आला. सुटे दोर लोंबकळणारी लिफ्ट पाहूनही त्यांना एवढे धस्स झाले नव्हते. त्यांनी नियमांचे पुस्तक घरी मागून घेतले.

त्या पुस्तकात, सामान्य माणूस जिथवर पोचत नाही अशा ठिकाणी, बहुपेशा पात्रांचे प्रकरण होते. म्हणजे असे, की आपल्या माणसाने आयुष्यभर लढवय्याच राहावे किंवा जादूगारच राहावे अशी सक्ती नाही. चार पायऱ्या हा पेशा, तीन पायऱ्या तो, असे करत त्याला प्रत्येक पेशातली मलई तेवढी काढून घेता येते. (प्रत्यक्ष जीवनात अशा माणसाला उनाड म्हणतात. खेळात त्याला अभ्यासू म्हणतात.) या विषयावर जगभरचे विद्वान संगणकावर एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. त्यांनी आखलेल्या पात्रांपैकी शेकडा नव्वद पात्रे कधी खेळली गेलेली नसतात आणि म्हणून अजिंक्य असतात.

तपासनीसांनी आखणी केली. सहा पायऱ्या शपथेचा शिलेदार, कारण त्याला जड चिलखत मिळते. तीन पायऱ्या करारी मांत्रिक, म्हणजे पाताळातल्या एका शक्तीशी करार करून तिच्याकडून ताकद उसनी घेणारा. आणि शेवटच्या तीन पायऱ्या भाट, कारण भाटाला गाता येते आणि त्याच्या गाण्याने जखमा भरतात. खरे बोलण्याची शपथ घेतलेल्या माणसाने सैतानाशी करार करावा आणि वर गाणीही म्हणावीत, यात कुणाला विसंगती दिसेल. तपासनीसांना काटकसर दिसली. तिन्ही पेशांना एकच गुण पुरतो: समोरच्यावर छाप पाडण्याची शक्ती. ती त्यांनी शिगोशीग भरली. शहाणपण आखणीत कुठेच लागत नव्हते, ते नियमाला धरून कमीत कमी ठेवले. ताकदीचेही तसेच.

असा हा माणूस बाराव्या पायरीवर एका दमात डोंगर फोडणार होता. तोपर्यंत त्याला चिलखत पेलवत नव्हते.

"पण हा आहे कोण?" बायकोने विचारले. "कुठला? घरी कोण असतं त्याच्या?"

"ते बाराव्या पायरीवर स्पष्ट होईल," तपासनीस म्हणाले.

आखणी पुरी होईपर्यंत बाकीचे दुसऱ्या पायरीवर पोचले होते. मेहुण्याने मोठ्या मनाने पात्र गोष्टीत घेतले आणि त्यालाही त्याच पायरीवर बसवले. पात्र चिलखतामुळे इतके हळू चाले की सासूबाईंना घोडा पुन्हा पुन्हा मागे वळवावा लागे. एकदा वेशीवर पहारेकऱ्याने सगळ्यांना अडवले.

"जावईबापू, तुमची छाप सगळ्यात जास्त ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग तुम्हीच बोला की त्याच्याशी."

"बोलण्याचं कौशल्य घेतलेलं नाही, आई. ही छाप पुढे तलवारीला लागणार आहे."

सासूबाईंनी मान डोलावली. मग स्वतःच पहारेकऱ्याला त्याच्या गुडघेदुखीबद्दल विचारले आणि वेस उघडून घेतली. पहारेकऱ्याचा गुडघा दुखतो हे तोवर मेहुण्यालाही ठाऊक नव्हते.

लढाईत तपासनीस मागे थांबत. यात भित्रेपणा नव्हता. उलट, एवढ्या मेहनतीने आखलेला माणूस पाचव्याच पायरीवर हकनाक मरू देणे हा बेजबाबदारपणा ठरला असता. लिफ्टमध्ये माणसे वजनाच्या मर्यादेतच घ्यावीत, तसे त्यांनी आपल्या पात्राला प्रसंग मर्यादेतच दिले.

मग पुलाचा रविवार आला. सातव्या पायरीला थोडेच बाकी होते. दरीवरच्या पुलावर एका दांडग्या राक्षसाने (वरचे दोन दात पुढे) वाट अडवली. बायकोच्या चोरटीने त्याच्या पायांत दोर अडकवला, सासूबाईंनी घोडा घातला, आणि राक्षस दरीत पडता पडता घोडेस्वार बाईला एक तडाखा देऊन गेला. ती पुलाच्या कडेला रक्तबंबाळ होऊन पडली. घोडा तिच्याशेजारी उभा राहिला.

"राक्षस मेला, सगळे एक पायरी वर," मेहुणा म्हणाला. मग त्याने आईच्या कागदाकडे पाहिले आणि त्याचा आवाज उतरला. "आई, तुझ्याकडे थोडाच वेळ आहे. कुणीतरी जखम भरली पाहिजे."

सगळ्यांनी तपासनीसांकडे पाहिले.

"भाऊजी, ही पायरी भाटाची घ्या," मेहुणा म्हणाला. "एक गाणं म्हटलंत की ती वाचेल. तुमच्या आखणीत भाट आहेच की!"

"आहे. पण दहाव्या पायरीपासून."

"मग थोडा आधी घे!" बायको म्हणाली.

तपासनीसांनी डोळे मिटले. भाट आता घेतला तर मांत्रिक मागे सरकत होता. मांत्रिक मागे सरकला तर छाप तलवारीत उतरायला एक पायरी उशीर होत होता. त्यांनी मनातल्या मनात सगळे दोन्ही बाजूंनी तपासले आणि एखाद्या डॉक्टराने बाहेर येऊन सांगावे तशा आवाजात म्हणाले, "आई, क्रम बदलता येत नाही हो."

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "घोड्याला तेवढं सांभाळा."

त्यांनी आपल्या कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. बायको घरी आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. तिथे भांडी जरा जास्तच जोरात लागली, तेव्हा तपासनीस दारात जाऊन उभे राहिले.

"खेळच आहे ना गं तो," ते म्हणाले.

"हो ना? मग एक पायरी द्यायला काय जात होतं?"

या प्रश्नाला नियमांच्या पुस्तकात उत्तर नव्हते. तपासनीसांनी तरी शोधून पाहिले.

पुढच्या रविवारी सासूबाई हजर होत्या आणि त्यांच्यापुढे नवा कागद होता. "मी आता सुईण आहे," त्यांनी जाहीर केले. "तलवार नको. गरम पाण्याचं भांडं लिही." आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच दमात सांगितली. थोरल्या लेकीकडे, दूरच्या शहरात, त्या आता कायमच्या राहायला जाणार होत्या. जिने चढणे होत नव्हते आणि लेकीच्या इमारतीला लिफ्ट होती. म्हणजे रविवार उरले होते हातावर मोजण्याइतके, आणि मंडळी अजून सातव्या पायरीवर होती.

तपासनीस दोन रात्री झोपले नाहीत. सासूबाई जाणार याचे त्यांना वाईट वाटत होतेच, पण बारावी पायरी येण्याआधी जाणार, याचे जरा जास्त वाटत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी दवाखाना गाठला आणि दाढ भरून घ्यायच्या निमित्ताने, तोंड उघडे असतानाच, मेहुण्याकडे विनंती मांडली. मेहुण्याला शब्द कळले नाहीत, डोळे कळले.

शेवटच्या रविवारी त्याने जाहीर केले, "मधे बराच काळ गेला, असं समजा. सगळे बाराव्या पायरीवर."

तपासनीस इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

गुहेत ड्रॅगन होता. प्लास्टरचा, पूर्ण बत्तिशीचा, मेहुण्याने आठवडाभर खपून बनवलेला. तो भयानक डरकाळ्या फोडत होता. फासे पडले आणि पहिली पाळी सासूबाईंची आली, शेवटची तपासनीसांची.

"मादी आहे का रे ही?" सासूबाईंनी विचारले.

मेहुण्याने हा विचार केला नव्हता. "असेल."

"आणि किती वेळ ओरडते आहे अशी?"

"सकाळपासून, समज."

"अगं बाई! अडली आहे ती बिचारी." सासूबाई पुढे सरसावल्या. "मी तिच्या पाठीवर हात ठेवते. तिला म्हणते, घाबरू नकोस, पहिलंच आहे ना?"

मेहुण्याने नियमांचे पुस्तक उघडले, मिटले आणि फासा आईच्या हातात दिला. सतरा पडले. बायकोच्या चोरटीने झऱ्यावरून पाणी आणले. ड्रॅगनने एक अंडे घातले, ते तिथेच फुटून पिल्लू बाहेर आले, आणि पिल्लाची आई दमून झोपली.

"भाऊजी, तुमची पाळी," मेहुणा म्हणाला.

तपासनीस उठून उभे राहिले. शपथ, करार, छाप, सगळे जुळून आले होते. झोपलेल्या शत्रूला दुप्पट इजा होते, हा नियम त्यांना पाठ होता. त्यांनी ड्रॅगनकडे पाहिले, मग सासूबाईंकडे. सासूबाई टेबलावरच्या प्लास्टरच्या ड्रॅगनवर आपला रुमाल पांघरत होत्या.

"ही मागची भिंत कशाची आहे?" तपासनीसांनी विचारले.

"दगडाची."

"मी भिंतीवर वार करतो."

फासे बराच वेळ पडत राहिले. बेरीज करायला बायकोने मदत केली. असा वार त्या प्रतीक्षागृहात कुणी पाहिला नव्हता. भिंत कोसळली. भिंतीमागे डोंगर होता, तोही कोसळला.

"हळू," सासूबाई म्हणाल्या. "पिल्लू उठेल."

तपासनीस खाली बसले. जन्माचे सार्थक झाल्यावर माणसाला थोडी भूक लागते, तसे त्यांना वाटत होते.

"जावईबापू, तुम्ही आता भाटही झालात ना?" सासूबाईंनी विचारले. "मग म्हणा ना काहीतरी. पिल्लासाठी."

तपासनीसांनी कागद पाहिला. निवडलेली सगळी गाणी शत्रूच्या कानठळ्या बसवणारी होती. त्यांनी कागद पालथा ठेवला. मग फासा न टाकता, दाढेच्या चित्राकडे बघत, त्यांनी कसलीशी चाल गुणगुणली. सूर जागेवर नव्हता. मेहुण्याने हरकत घेतली नाही. सासूबाईंनी डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "हे तुम्हाला आधीपासूनच येत होतं की हो."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. तपासनीसांनी त्यांच्या बॅगा जिन्याने स्वतः खाली उतरवल्या आणि घरी येऊन नवी आखणी सुरू केली. तिच्यात माणूस चौथ्या पायरीपासूनच मायाळू होतो. आधी होणे गणितात बसत नाही.

ही हकीकत छापण्यापूर्वी काही मंडळींना वाचायला दिली होती. सर्वांना ती आवडली. माझ्या बायकोने हसत हसत विचारले, "आमच्या दादावर लिहिलीय ना?" दादाला त्याचा साहेब आठवला, साहेबांना त्यांचे जावई. स्वतःची आठवण एकालाही आली नाही. आपल्यालाही वाचताना कुणीतरी आठवले असेलच. त्या व्यक्तीला ही जरूर वाचायला द्या. फक्त तिने ती तुमच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवली असेल, तर रागावू नका.